अनेकांच्या ताटाची विद्या

मुंबईत दादरच्या पश्चिमेस, वीर सावरकर मार्गावर असलेली जी संस्था सामान्य मुंबईकर ‘दादर केटरिंग कॉलेज’ या सुटसुटीत नावाने ओळखतो, आणि जिच्यात शिकून बाहेर पडलेली मुले-मुली आज देशोदेशींच्या पंचतारांकित हॉटेलांत मानाच्या जागांवर काम करीत आहेत, तिचा जन्म वैभवातून झालेला नसून अन्नाच्या टंचाईतून झालेला आहे, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या ध्यानी राहिलेली नाही. १९४३ साली बंगालात भीषण दुष्काळ पडला, त्याच वर्षी मुंबईत शिधावाटपाचा अंमल सुरू झाला, आणि स्वातंत्र्य आल्यावर नव्या सरकारला ज्या प्रश्नांनी प्रथम ग्रासले त्यांत अन्नाचा प्रश्न अग्रभागी होता. १९५० ते १९५२ या काळात केंद्रातील अन्न व शेती खाते कन्हैयालाल मुनशी यांच्याकडे होते. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई मुनशी यांनी महिलांच्या अन्न परिषदेच्या द्वारे, तांदूळ व गहू यांच्यावरचा भार हलका व्हावा या हेतूने, इतर जिनसांपासून केलेले पदार्थ माफक दरात देणारी ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहे चालविली. आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने १९५४ मध्ये दादरच्या या संस्थेची स्थापना केली. संस्थेच्या संपूर्ण नावात हॉटेल-व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान यांच्या जोडीला उपयोजित पोषणशास्त्राचा जो उल्लेख आजतागायत टिकून आहे, तो त्या उगमाची साक्ष देतो.

हा इतिहास आरंभीच सांगण्याचे कारण असे की, बारावीनंतर ज्या पदवी-शिक्षणाला कोणी अन्नसेवा-व्यवस्थापन म्हणते, कोणी केटरिंग म्हणते आणि बहुतेकजण सरसकट ‘हॉटेल मॅनेजमेंट’ म्हणून मोकळे होतात, त्याच्याविषयी आपल्या समाजात दोन परस्परविरुद्ध आणि सारख्याच अपुऱ्या समजुती रूढ आहेत. एका समजुतीप्रमाणे हे स्वयंपाक्याचे शिक्षण आहे व त्यासाठी विद्यापीठाची पदवी म्हणजे निव्वळ द्रव्याचा आणि वर्षांचा अपव्यय आहे. दुसरीप्रमाणे हे झगमगत्या दालनांत, परीटघडीच्या पोशाखात, परदेशी पाहुण्यांचे स्वागत करण्याचे शिक्षण आहे. वस्तुतः या विद्येचे प्रयोजन याहून पुष्कळच विस्तृत आणि गंभीर आहे. ज्यांची आपली ओळख नाही, ज्यांच्या आवडीनिवडी व व्याधी आपल्याला ठाऊक नाहीत, अशा शेकडो, प्रसंगी हजारो माणसांना ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खर्चात, निर्धोक, पोषक आणि रुचेल असे अन्न प्रत्यही पुरविणे, आणि ते पुरविणाऱ्या माणसांची, जागेची, यंत्रांची व हिशेबाची घडी बसविणे, हा तिचा विषय होय. खाणारा गिऱ्हाईक असो, रुग्ण असो, विद्यार्थी असो वा कामगार असो, त्याने आपल्या शरीराचा विश्वास आपल्या हाती सोपविलेला असतो. हे भान ज्या शिक्षणाने येत नाही ते शिक्षण, इमारत कितीही देखणी असली तरी, अपुरेच म्हटले पाहिजे.

ही व्यवस्था आपल्याकडे नवीन आहे असे मुळीच नाही. शिवकालीन राज्यव्यवहारात जे अठरा कारखाने गणले जात त्यांत मुदपाकखान्याला स्वतंत्र स्थान होते, कोठीचा कारभार वेगळ्या महालाकडे होता, आणि जिन्नस किती आला, किती खर्ची पडला व शिल्लक काय राहिला याची नोंद ठेवणारे कारकून नेमलेले असत. मात्र हे ज्ञान घराण्यांतून व हाताखालच्या उमेदवारीतून पुढे जात राहिले. त्याचे शास्त्र बनविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे सुरू झाले, आणि तेही, लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मेजवान्यांपेक्षा संकटांच्या निमित्ताने. लंडनच्या एका प्रतिष्ठित क्लबातील फ्रेंच पाकाध्यक्ष अलेक्सी सॉयर हा १८४७ साली आयर्लंडमधील दुष्काळात डब्लिनला गेला आणि तेथे हजारोंना रोज सूप पुरविता येईल असे स्वयंपाकघर त्याने उभे केले. पुढे १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात तो स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचला आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्याला पूरक अशी जखमी शिपायांच्या आहाराची व्यवस्था त्याने लावून दिली. त्याने योजलेली शेगडी ब्रिटिश फौजेत विसाव्या शतकातही वापरात होती. अमेरिकेत एलेन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ विदुषीने १८९० साली बोस्टन येथे श्रमिक वस्तीसाठी शास्त्रशुद्ध स्वयंपाकघर चालविले, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात पदार्थाबरोबर त्यातील पोषकांशाची माहिती देणारे भोजनालय मांडले, आणि तेथूनच शाळांतील भोजनाची, रुग्णालयांतील पाकगृहांची व अखेर विद्यापीठांतील ‘संस्था-व्यवस्थापन’ या विषयाची वाट रुंदावत गेली. हॉटेलविद्येची परंपरा याच सुमारास निराळ्या दिशेने वाढत होती. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १८९३ साली हॉटेलविद्येची शाळा निघाली आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९२२ पासून तिचे पदवी-शिक्षण सुरू झाले. आजच्या आपल्या अभ्यासक्रमांत हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात, तथापि त्यांचे पाणी समप्रमाणात मिसळलेले नाही. त्याविषयी पुढे बोलू.

प्रथम, या अभ्यासात शिकावयाचे तरी काय असते ते पाहू. घरी चौघांसाठी उत्तम आमटी करणारी गृहिणी चारशेंसाठी तशीच आमटी करू शकेल, फक्त सर्व जिनसा शंभरपट घेतल्या की झाले, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु रुंद आणि खोल पातेल्यात वाफेवाटे उडून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण लहान पातेल्यातल्यासारखे नसते. मीठ, मिरची, हिंग व मोहरी ही शंभरपट घातली तर पदार्थ तोंडात घेववत नाही. डाळ शिजण्यास लागणारा वेळ, ढवळण्यास लागणारे बळ, आणि उतरवल्यानंतरही पातेल्याच्या पोटातील उष्णतेने चालूच राहणारे शिजणे, या सर्वांचे गणित बदलते. म्हणून विद्यार्थ्याला प्रमाणित पाककृती रचण्यास शिकवितात. पदार्थ अनेकवार करून, प्रत्येक जिन्नस वजनाने मोजून, सोलल्यानंतर व शिजल्यानंतर त्याचे किती उरते ते नोंदून, अमुक ताटांसाठी अमुक कृती असे तिचे टिपण कायम केले जाते. एक किलो बटाटे आणले तर साल व खराब भाग काढून सुमारे आठशे ग्रॅमच हाती लागतात, हे ज्याने एकदा तराजूवर पाहिले तो बाजारभावाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. कारण सोललेल्या बटाट्याचा खरा भाव दुकानदाराने सांगितलेल्या भावाहून चौथाईने अधिक असतो.

वाढण्याच्या बाबतीतही हेच. पाचशे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात दर ताटाला दोनशे ग्रॅम भात ठरलेला असताना वाढप्याच्या भातवाढीत केवळ वीस ग्रॅम अधिक येत असेल, तर एका जेवणास दहा किलो शिजलेला भात जादा लागतो. कच्च्या तांदळात तो साडेतीन-चार किलो भरतो. दोन वेळचा व महिन्याचा हिशेब मांडला की सुमारे दोन क्विंटल तांदूळ कोणाच्याही नजरेस न येता जातो, आणि त्यातला पुष्कळसा ताटांत उष्टा राहून कचऱ्यात जातो. येथे मुलांच्या तोंडचा घास मोजण्याची कृपणता अभिप्रेत नाही. ज्याला अधिक हवे त्याने पुन्हा मागावे व त्याला आनंदाने वाढावे. परंतु वाढण्याचे माप निश्चित नसले म्हणजे जो तोटा येतो तो भरून काढण्यासाठी व्यवस्थापक हटकून डाळ पातळ करतो व भाजी कमी करतो, आणि मापाच्या अभावाचे प्रायश्चित्त शेवटी मुलांच्या प्रथिनांना घ्यावे लागते, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

माझ्या मते या संपूर्ण शिक्षणात ज्या एका विषयासाठी पदवीची वर्षे खर्ची घालणे सार्थकी लागते तो विषय म्हणजे अन्नाची निर्धोकता. आपली परंपरा शुचितेविषयी अत्यंत दक्ष आहे, पण डोळ्यांना व नाकाला जे जाणवत नाही त्याचे ज्ञान परंपरेने येत नाही. शिजविलेला भात हा आपल्याला अत्यंत निरुपद्रवी पदार्थ वाटतो. परंतु तांदळाबरोबर येणाऱ्या बॅसिलस सेरिअस नामक जिवाणूंची बीजे उकळत्या पाण्यातही तग धरतात, आणि भात मोठ्या पातेल्यात झाकून तसाच ठेवला की कोमट उष्णतेत ती रुजून वाढू लागतात, व त्यांनी निर्माण केलेले एक विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. डाळ, रस्सा व मांस यांच्या खोल पातेल्यांत क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंचा असाच धोका असतो. ५ अंश सेल्सियस ते ६० अंश सेल्सियस यांच्यामधले तापमान हे जिवाणूंच्या वाढीचे क्षेत्र मानले जाते. अनुकूल स्थितीत त्यांची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते, म्हणजे एकापासून चार तासांत चार हजारांवर आणि सहा तासांत अडीच लाखांवर ती जाऊन पोहोचते. म्हणून गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, आणि उरलेला पदार्थ निवविण्यासाठी खोल पातेल्यातून काढून उथळ ताटांत पसरून त्वरित शीतगृहात, हा नियम या विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेतला जातो. कच्चे मांस कापलेल्या फळीवर काकडी चिरू नये, हात धुण्याची जागा भांडी घासण्याच्या जागेहून वेगळी असावी, माल येण्याचा मार्ग व उष्टे बाहेर जाण्याचा मार्ग एकमेकांस छेदू नयेत, या साध्या वाटणाऱ्या नियमांमागेही हेच शास्त्र आहे, आणि स्वयंपाकघराचा आराखडा भिंती बांधण्यापूर्वीच त्याप्रमाणे का आखावा लागतो, ते याच्याच आधारे उलगडून सांगता येते.

धोका घडून गेल्यावर शोधण्यापेक्षा तो कोणत्या पायरीवर संभवतो हे आधीच हेरून तेथे पहारा बसविण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिचा उगम १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या अंतराळवीरांसाठी अन्न तयार करताना झाला. पिल्सबरी ही खाद्यपदार्थांची कंपनी, तिकडचे लष्कर व नासा यांनी मिळून ती विकसित केली. पृथ्वीपासून दूर गेलेल्या माणसाला विषबाधा झाली तर उपाय नाही, म्हणून प्रत्येक पायरी अगोदर तपासावयाची, हा तिचा गाभा. भारतात अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ साली संमत झाला, आणि त्याखाली केलेल्या २०११ च्या नियमांत स्वयंपाकघराची स्वच्छता, पाणी, कामगारांची वैद्यकीय तपासणी, साठवण यांसंबंधीच्या अटी तपशिलाने दिलेल्या आहेत. पदवीधराला हा कायदा मुखोद्गत नसला तरी चालेल, पण त्यातील प्रत्येक अटीमागचे कारण कामगाराला मराठीत समजावून सांगता आले पाहिजे. कारण कारण न समजलेला नियम तपासणीस येईपर्यंतच पाळला जातो.

२०१३ सालच्या जुलै महिन्यात बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामण गावी शाळेतील दुपारचे जेवण जेवून २३ बालके मृत्युमुखी पडली. ज्या तेलात अन्न शिजले त्यात मोनोक्रोटोफॉस हे शेतातील कीटकनाशक होते. कोठीत विषारी द्रव्य व खाद्यपदार्थ कधीही एकत्र ठेवू नयेत, रिकाम्या झालेल्या कीटकनाशकाच्या डब्याचा खाद्यपदार्थासाठी कदापि उपयोग करू नये, संशयास्पद वासाचा माल परत करावा आणि अन्न मुलांना वाढण्यापूर्वी जबाबदार व्यक्तीने चाखावे, हे या शिक्षणातील अगदी प्राथमिक धडे आहेत. शाळा-शाळांतून पदवीधर नेमणे शक्य नाही हे मला मान्य आहे. परंतु तालुक्याला जरी एक असा शिकलेला पर्यवेक्षक असेल आणि त्याने शाळांतील स्वयंपाकी-मदतनीस भगिनींना हे धडे वारंवार दिले, तर त्याच्या वेतनाचा बोजा सरकारी तिजोरीस जड जाण्याचे कारण नाही.

हिशेबाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो दुकानदारीच्या अनुभवाने बराचसा समजण्याजोगा आहे. मालाची खरेदी करताना ‘चांगला तांदूळ’ असे मोघम न लिहिता जात, तुकड्याचे प्रमाण, जुनेपणा व पोत्याचे वजन यांसह मागणी नोंदवावयाची. माल आला की वजन करून व दर्जा पाहून मगच पावती द्यावयाची. जो आधी आला तो आधी खर्ची घालावयाचा. कोठीतून जे निघेल ते लेखी मागणीपत्रावरच निघेल. आणि महिनाअखेर वहीतील शिल्लक व फळीवरील शिल्लक यांची रुजवात घालून तफावतीचा जाब घ्यावयाचा. यातले बरेचसे आपल्या जुन्या कोठीकारभारात होतेच. नवीन आहे ते विश्लेषण. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातील कासावाना व स्मिथ या दोघांनी १९८२ साली अशी रीत मांडली की, भोजनपत्रिकेतील प्रत्येक पदार्थ किती खपतो व प्रत्येक विक्रीमागे किती शिल्लक टाकतो, या दोन कसोट्या एकदम लावून पदार्थांची वर्गवारी करावी. या रीतीने पाहिले असता, खूप खपणारा पदार्थही मालकाला फारसे काही देत नसावा आणि कोपऱ्यात पडलेला एखादा पदार्थ योग्य जागी छापला तर लाभदायक ठरावा, असे अनेकदा आढळते. आज भोजनगृहांच्या पत्रिका ज्या रीतीने रचल्या जातात तिच्यामागे हा विचार आहे.

पोषणशास्त्राचा पाया मात्र घाईने उरकण्यासारखा नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, ते हाताशी घेऊन आठवड्याची वा पंधरवड्याची चक्राकार भोजनपत्रिका तयार करणे, तीत ज्वारी-बाजरी, पालेभाजी, उसळ, ताक यांची अशी गुंफण करणे की एकाच खर्चात पोषण वाढावे व चवीला कंटाळाही येऊ नये, हे कौशल्य बुद्धीची खरी परीक्षा पाहते. रुग्णालयात तर मधुमेह्याचे, मूत्रपिंडाच्या रुग्णाचे, शस्त्रक्रियेनंतरचे, पातळ, मऊ, अळणी असे आहाराचे अनेक प्रकार एकाच पाकगृहातून एकाच वेळी निघावे लागतात. आहारतज्ज्ञाने कागदावर लिहिलेला आहार ताटात तसाच्या तसा उतरून योग्य खाटेपाशी ऊन असतानाच पोहोचविणे हे अन्नसेवा-व्यवस्थापकाचे काम आहे, आणि आपल्याकडील रुग्णालयांत ही दुसरी जागा पुष्कळदा रिकामीच असते, किंवा मक्तेदाराच्या मुनिमाकडे असते.

आता मघाशी राखून ठेवलेला मुद्दा. दादरच्या पाठोपाठ दिल्लीतील पुसा व इतर ठिकाणी निघालेल्या या संस्था प्रारंभी केंद्राच्या अन्न खात्याखाली होत्या. १९८२ साली त्या पर्यटन खात्याकडे वर्ग झाल्या, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान परिषदेकडे त्यांच्या अभ्यासक्रमाची व परीक्षांची सूत्रे आली. या बदलाने देशातील हॉटेल-व्यवसायाला शिक्षित मनुष्यबळ मिळाले, मध्यमवर्गीय घरांतील असंख्य मुलांना जगाची दारे उघडली, हा लाभ लहान नव्हे, आणि तो नाकारण्याचा माझा हेतू नाही. परंतु अन्नाच्या प्रश्नातून जन्मलेली विद्या पाहुणचाराच्या व्यवसायात इतकी रमली की वसतिगृहे, रुग्णालये, कारखाने, शाळा, कारागृहे व तीर्थक्षेत्रे येथील ताटे तिच्या दृष्टीआड झाली. हॉटेलात न आवडलेला पदार्थ परत पाठवून देता येतो, दुसऱ्या हॉटेलात जाता येते. वसतिगृहातील मुलीला आणि रुग्णालयातील वृद्धाला पुढ्यात येईल ते खाण्यावाचून गत्यंतर नसते. जेथे खाणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य नाही तेथेच शिकलेल्या व्यवस्थापकाची गरज सर्वांत अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

आणि हे क्षेत्र काही लहान नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४६ व्या कलमाने अडीचशेंहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना उपाहारगृह ठेवणे भाग पाडण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला, आणि त्यातून औद्योगिक कँटीनचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्या योजनेच्या मानकांप्रमाणे प्राथमिक वर्गातील मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ पासून सूर्याच्या उष्णतेवर वाफ निर्माण करून हजारो भाविकांचे अन्न शिजविले जाते. अशी यंत्रणा चालविण्यास पाकशास्त्र, अभियांत्रिकी व गर्दीचे व्यवस्थापन या तिन्हींची जाण एकाच डोक्यात असावी लागते.

प्रवेशासंबंधी आवश्यक तेवढेच सांगतो. राष्ट्रीय परिषदेशी संलग्न संस्थांत, म्हणजे दादरच्या संस्थेतही, बारावीनंतर अखिल भारतीय सामाईक प्रवेश-परीक्षेद्वारे तीन वर्षांच्या बी.एस्‌सी. अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, आणि पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असते. महाराष्ट्रातील विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांचा बी.एच.एम.सी.टी. हा अभ्यासक्रम आहे व त्यासाठी राज्याच्या सामाईक परीक्षा कक्षाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. पुण्यात शिवाजीनगर येथे याच विषयाची राज्यस्तरीय संस्था आहे. ज्यांचा ओढा रुग्णालये व शाळा यांच्या आहाराकडे आहे त्यांनी गृहविज्ञान शाखेतील अन्न व पोषण या पदवीचाही विचार अवश्य करावा. हॉटेलविद्येच्या अभ्यासक्रमांत पाकसिद्धी व वाढप यांच्याबरोबर स्वागतकक्ष आणि खोल्यांची निगा हे विषयही असतात, आणि त्यांत बराच काळ जातो, ही गोष्ट प्रवेश घेण्यापूर्वी ठाऊक असलेली बरी. एखादे सत्र प्रत्यक्ष हॉटेलात उमेदवारी करावी लागते. तेथे पहाटे हजर होऊन दिवसभर उभे राहणे, कांद्यांची पोती सोलणे, भट्टीपुढे घाम गाळणे, सणासुदीला घरी नसणे, हे सर्व वाट्याला येते. अनेक मुले या काळातच अभ्यासक्रमाविषयी निराश होतात, आणि त्यांचा दोष नसतो. त्यांना चित्रवाणीवरील पाककलेच्या स्पर्धा दाखवून येथे आणलेले असते. शरीरकष्टांची तयारी, रात्री-अपरात्री डोके शांत ठेवण्याची वृत्ती आणि मोजमापाची आवड ज्याच्यापाशी आहे त्यानेच या वाटेस यावे. उत्तम चव ओळखणारी जीभ हा त्यावर अधिकचा लाभ समजावा.

या पदवीधराने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. त्याच्या आधी आणि त्याच्यावाचून मुंबईतील लक्षावधी कामगारांना जेवू घालण्याचे काम गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांनी केले. एकेका खोलीत राहून, दोन वेळचे डबे व पंगती सांभाळून, उधारी वसूल होईपर्यंत सावकाराच्या व्याजाखाली दबून, त्यांनी जो संसार चालविला त्यात खरेदी, साठवण, खर्चाचा अंदाज व गिऱ्हाइकाची मर्जी या सगळ्यांचे शिक्षण होते. फक्त त्याला प्रमाणपत्र नव्हते. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या दारी आणले, तेव्हा त्या ज्ञानाला प्रथमच भांडवलाची जोड मिळाली. महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी हॉटेलांबरोबरच अशा खाणावळींत, गावच्या लग्नात हजार पानांचा अदमास डोळ्यांनी बांधणाऱ्या वृद्ध आचाऱ्यांपाशी, आणि स्त्रियांच्या बचतगटांच्या पोळीभाजी केंद्रांतही काही आठवडे बसवावे. त्यांनी तेथे तापमापक व तराजू घेऊन जावे, आणि तेथून अदमास शिकून यावे. अशा देवघेवीतून महाराष्ट्राच्या स्वतःच्या पदार्थांच्या, आमटी-भात, पिठलं-भाकरी, झुणका, थालीपीठ, उसळी यांच्या, मोठ्या प्रमाणावरील प्रमाणित पाककृती मराठीत लिहून निघतील. आज वर्गात शिकविले जाणारे पाठ मुख्यतः इंग्रजीत आहेत, आणि आचाऱ्याच्या हाती देता येईल असे पुस्तक वर्गाच्या बाहेर क्वचितच सापडते.

तेव्हा पालकांस माझी विनंती अशी की, मुलाने या विद्येचे नाव काढले तर नाक मुरडू नये, आणि केवळ परदेशी नोकरीच्या आशेने त्याला तिकडे ढकलूही नये. त्याला एक दिवस एखाद्या मोठ्या वसतिगृहाच्या वा रुग्णालयाच्या पाकगृहात पहाटेपासून रात्रीपर्यंत उभे राहू द्यावे आणि मग त्याचे मत विचारावे. आणि ज्यांच्या हाती वसतिगृहे, रुग्णालये, आश्रमशाळा व कारखाने यांचा कारभार आहे, त्यांस विनंती अशी की, भोजनाच्या मक्त्याची पुढील निविदा काढण्यापूर्वी त्यांनी आपल्या आस्थापनेवर अन्नसेवा-व्यवस्थापकाची एक कायम जागा मंजूर करून घ्यावी, तीवर या विषयाचा पदवीधर नेमावा, आणि सर्वांत कमी दराची निविदा नाकारण्याचा अधिकार त्याला लेखी द्यावा.